इंग्लंडमध्ये व्हीलचेअरसह टॅक्सी: कोणती घ्यावी, कशी बुक करावी? (सल्ला हवा)

जास्वंद:
नमस्कार मंडळी. मी डर्बीला राहते. जूनमध्ये आई-बाबा सांगलीहून येताहेत, चांगले तीन महिने राहणार आहेत. आईला पक्षाघात झाल्यापासून डावी बाजू अधू आहे. घरात वॉकर धरून थोडं चालते, बाहेर मात्र व्हीलचेअरच. खुर्ची घडीची आहे, पण आईला उचलून गाडीच्या सीटवर बसवणं दोघांचं काम, आणि बाबांना आता वाकवत नाही. मी ऑफिसला गेल्यावर त्या दोघांनी दिवसभर घरात कोंडून बसू नये एवढीच इच्छा आहे.

मागे सासूबाई आल्या होत्या तेव्हा एका ॲपवरून गाडी मागवली होती. चालकाने खुर्ची पाहिली, काच खाली न करताच हात हलवला आणि निघून गेला. वर ट्रिप रद्द केल्याचा आकार माझ्याच कार्डावर! तेव्हापासून धसका घेतलाय.

तर कोणती कंपनी चांगली? खुर्चीचे वेगळे पैसे पडतात का? आणि हीथ्रोहून डर्बीपर्यंत मीटरने जाणं परवडेल का? बाबांची सगळी नोकरी मुंबईत झाली, मीटर डाऊन केल्याशिवाय टॅक्सीत बसायचं नाही हा त्यांचा बाणा आहे, म्हणून विचारतेय.

तिरका_बाण:
हीथ्रो ते डर्बी मीटरने? घर गहाण टाकायची तयारी आहे का? 😄 आधी भाडं ठरवून गाडी बुक करा.

मोरपीस:
जास्वंद, कंपनीचं नाव विचारण्यापेक्षा गाडीचं लायसन्स कुठल्या जातीचं आहे ते बघ. इथे दोन जाती आहेत. एक 'हॅकनी कॅरेज', म्हणजे खरी टॅक्सी. रस्त्यात हात करून थांबवता येते, स्टँडवर उभी राहते, मीटर असतो, आणि मीटरचा दर कौन्सिल (म्हणजे इथली नगरपालिका) ठरवते. १९७६ च्या कायद्याने तो अधिकार कौन्सिलला दिलाय. तो दर कमाल असतो बरं का, चालकाने कमी घेतले तर कोणी अडवत नाही. दुसरी 'प्रायव्हेट हायर', म्हणजे मिनीकॅब आणि सगळ्या ॲपवाल्या गाड्या. त्या आधी बुक केल्याशिवाय घ्यायच्याच नाहीत, आणि त्यांचं भाडं ठरवण्याचा कौन्सिलला अधिकारच नाही. म्हणून पावसात, मॅच सुटल्यावर भाव वाटेल तसे चढतात. लंडनमध्ये तर मिनीकॅबला मीटर लावायलाच बंदी आहे. ॲपचा फोन म्हणजे मीटरच, असा वाद २०१५ साली हायकोर्टात गेला होता. कोर्टाने सांगितलं, फोन हा मीटर नव्हे. बाबांना हे वाचून दाखव, खूश होतील.

आता तुझ्या कामाचं. आईला खुर्चीतून न उठवता चढवायचं असेल तर रँपची (खुर्ची वर ढकलायच्या उतरत्या फळीची) गाडी हवी. लंडनच्या काळ्या कॅब सगळ्या तशाच असतात, तो नियमच आहे. लंडनबाहेर प्रत्येक कौन्सिलची तऱ्हा वेगळी. काही ठिकाणी हॅकनीचं लायसन्स हवं तर रँपची गाडीच आणा म्हणतात, काही ठिकाणी साधी सेडानही चालते. मिनीकॅबमध्ये रँपवाल्या गाड्या फारच थोड्या. पण २०२२ पासून प्रत्येक कौन्सिलला आपल्याकडच्या रँपवाल्या गाड्यांची यादी ठेवणं आणि ती जाहीर करणं बंधनकारक आहे. डर्बी कौन्सिलच्या लायसन्सिंग विभागाकडून ती मिळव आणि त्या यादीतल्या नंबरांना फोन लाव. ॲपच्या नादी लागू नकोस.

खुर्चीचे वेगळे पैसे? एक पेनीसुद्धा नाही. यादीतल्या गाडीच्या चालकाने खुर्चीतल्या माणसाला नाकारलं, जादा पैसे घेतले किंवा चढवायला मदत केली नाही तर तो गुन्हा आहे, हजार पौंडांपर्यंत दंड. २८ जून २०२२ पासून हे साध्या गाड्यांनाही लागू झालं. घडीची खुर्ची डिकीत घ्यायलाच हवी. सुरक्षितपणे ठेवणं खरंच शक्य नसेल तरच सुटका, पण काच न उघडता ते कसं कळलं त्याला?

तिरका_बाण:
कायदा चांगलाच आहे हो, पण पावसात फुटपाथवर उभं राहून कलमं कोण वाचून दाखवणार? तक्रार करून काही होतं का?

मोरपीस:
होतं, योग्य दारात केली तर. गाडीच्या मागच्या प्लेटवर लायसन्स कुणी दिलं ते लिहिलेलं असतं. आमच्या मँचेस्टरमध्ये निम्म्या गाड्यांवर वोल्व्हरहॅम्प्टनची प्लेट दिसते! लायसन्स एका गावाचं आणि धंदा दुसऱ्या गावात, मिनीकॅबला ते चालतं. मग आपल्या कौन्सिलकडे तक्रार केली की ते म्हणतात, गाडी आमची नाही. प्लेटचा फोटो काढायचा, वेळ लिहून ठेवायची आणि प्लेटवर ज्या कौन्सिलचं नाव आहे तिकडेच पाठवायचं. ॲपवर एक स्टार देऊन काही साधत नाही.

पेडण्याचो:
मी मूळ पेडण्याचा, इथे लेस्टरला हॅकनी चालवतो, रँपवाली. मोरपीसताईंनी कायदा बरोबर सांगितलाय. मी गाडीच्या आतलं सांगतो.

फोन करताना नुसतं "व्हीलचेअर आहे" म्हणू नका, साधी मोठी गाडी पाठवतात. "पेशंट खुर्चीतच बसून येणार" असं सांगा. मग विचारा, रँप बाजूला की मागे. काळ्या कॅबसारख्या गाडीत रँप बाजूच्या दारात असतो आणि खुर्ची उलटी, पाठ ड्रायव्हरच्या पार्टिशनला टेकवून लावतात. उलटं बसून काही जणांना मळमळतं, तुमच्या आईंना गाडी लागत असेल तर हे आधी सांभाळा. मागून चढवायच्या गाडीत तोंड पुढे असतं, पण रँप खाली यायला मागे मोकळी जागा लागते. तुमच्या गल्लीत गाड्या चिकटून लावत असतील तर कोपऱ्यावर उभं राहावं लागेल.

चढवल्यावर खुर्ची पट्ट्यांनी बांधतात. तोंड पुढे असेल तर चार पट्टे जमिनीत अडकवतात, दोन पुढे, दोन मागे. माणसाचा पट्टा वेगळा. खुर्चीचे ब्रेक लावले म्हणजे झालं, असं कोणी म्हणाला तर गाडी हलू देऊ नका. आमच्यातही आळशी आहेत, खोटं कशाला बोलू.

आणि मीटर. पट्टे बांधून झाल्याशिवाय मीटर सुरू करायचा नाही, उतरवताना आधी थांबवायचा. सरकारी मार्गदर्शनात हे स्पष्ट लिहिलंय. बाबा मीटर बघणारच असतील तर पैशांच्या शेजारी एक बारीक आकडा असतो तोही बघायला सांगा, तो दर कुठला चालू आहे ते दाखवतो. दिवसाचा एक, रात्रीचा आणि सुट्टीचा वेगळा. भर दुपारी रात्रीचा आकडा दिसला तर तिथल्या तिथे विचारायचं. दरपत्रक गाडीतच लावलेलं असतं, मुंबईच्या टॅरिफ कार्डासारखं.

एक मात्र आमच्या बाजूने. एखाद्या चालकाला पाठीचं दुखणं असतं, त्याला वैद्यकीय सूट मिळते आणि तसं कार्ड समोर काचेवर लावलेलं असतं. ते दिसलं तर भांडू नका, दुसरी गाडी मागवा. बाकी शाळेच्या वेळी रँपवाल्या गाड्या मिळणं कठीण, बऱ्याच कौन्सिलच्या शाळेच्या फेऱ्यांना लागलेल्या असतात. आईंना फिजिओथेरपीला न्यायचं असेल तर वेळ साडेदहानंतरची घ्या.

सुगरण_नव्हे:
हीथ्रोसाठी रेल्वेही आहे: एलिझाबेथ लाइनने फॅरिंग्डन, तिथून एक स्टेशन सेंट पँक्रास, मग थेट डर्बीची रेल्वे. सगळीकडे लिफ्ट आहेत. डर्बीच्या रेल्वेसाठी 'पॅसेंजर असिस्ट' ही रेल्वेची मदतसेवा आधी बुक केली की स्टेशनवरचे लोक रँप घेऊन येतात.

मोरपीस:
चार बॅगा आणि विमानात अख्खा दिवस काढलेली आई घेऊन? परत जाताना ठीक आहे. येताना मी तरी डर्बीचीच रँपवाली गाडी भाडं ठरवून न्यायला बोलावीन. कौन्सिलच्या हद्दीबाहेरच्या प्रवासाला हॅकनीवालाही आधी रक्कम ठरवू शकतो. काहीच ठरवलं नाही तर मात्र मीटरपेक्षा जास्त घेता येत नाही. ठरलेली रक्कम मेसेजवर लिहून घे.

जास्वंद:
सगळ्यांचे खूप आभार. यादी मिळाली, दोघांशी बोलले. एक मागून चढवायची गाडी आहे आणि तो विमानतळावर यायलाही तयार आहे, भाडं लिहून देतो म्हणालाय. पेडण्याचो, त्याने खुर्चीचं माप विचारलं. चाकांच्या बाहेरून बाहेर ६६ सेंटिमीटर भरते. बसेल का?

पेडण्याचो:
बसेल. ७० रुंद आणि १२० लांब हे माप धरून चालतात. पण लांबी आईंना बसवून मोजा, पायांच्या फळीपासून मागच्या हँडलपर्यंत. लोक रिकामी खुर्ची मोजतात आणि पाय पुढे येतात ते विसरतात.