क्रंबलचा थर लगदा का होतो
वर एका ताईंनी लिहिलंय की ॲपल क्रंबलचा (सफरचंदाच्या फोडींवर मैदा, बटर, साखरेचा चुरा पसरून भाजलेला गोड पदार्थ) वरचा थर कुरकुरीत न होता शिऱ्यासारखा बसला. ताई, म्हापशात माझंही अगदी असंच झालं होतं, आणि कारण होतं बटर. गोव्याच्या उकाड्यात ते कापेकापेपर्यंत मऊ पडतं, मैदा ते पिऊन टाकतो आणि त्याचा गोळा होतो. थर भुसभुशीत हवा तर बटरचे कण वेगळे राहिले पाहिजेत.

मी १८० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम थंडगार बटर, ८० ग्रॅम साखर घेते. बटर चक्क किसणीवर किसते आणि बोटांच्या टोकांनीच चोळते. तळवा लावायचा नाही, तो गरम असतो. खवलेल्या ओल्या खोबऱ्यासारखं दिसलं की थांबायचं आणि परात २० मिनिटं फ्रीजरमध्ये. मग फोडींवर नुसतं भुरभुरवा, दाबू नका.

इंग्लंडात यासाठी ब्रॅम्ली नावाचं आंबट सफरचंद वापरतात. आपल्या बाजारातलं बहुतेक गोड, म्हणून अर्धं लिंबू पिळायलाच हवं. फोडींना चमचाभर मैदा चोळला की सुटलेला रस दाट होतो. दालचिनीसोबत मी थोडा माडाचा गूळ किसून घालते. त्याचा खमंग, किंचित धुरकट वास सफरचंदाला फार शोभतो.

ओव्हनमध्ये १८० अंश सेल्सिअसवर साधारण ४० मिनिटं. कडेने रस बुडबुडायला लागला की झालं. गरम असताना झाकण मात्र ठेवू नका, वाफेने थर पुन्हा मऊ पडतो.