'सँक्शन' म्हणजे मान्यता की शिक्षा? एकाच वाक्यातील दोन अर्थ

मृद्गंध:
माझ्या आजोबांनी 1950 च्या सुमारास इंग्रजीत लिहिलेल्या कौटुंबिक आठवणींचा मी मराठीत अनुवाद करीत आहे. त्यांच्या चुलत्यांनी एका बालविधवेशी विवाह केला होता आणि त्यापायी घराने पुष्कळ सोसले, त्या प्रकरणात मी अडले आहे. वाक्य असे आहे: 'विडो मॅरेज हॅड द सँक्शन ऑफ लॉ सिन्स 1856, बट द कास्ट हॅड इट्स ओन सँक्शन्स.' त्याआधी दोन ओळी वर, चुलत्यांनी 'विदाउट हिज फादर्स सँक्शन' विवाह केला, असेही म्हटले आहे. तिन्ही ठिकाणी 'मंजुरी' घालून पाहिले, तेव्हा 'जातीच्याही स्वतःच्या मंजुऱ्या होत्या' असे निरर्थक वाक्य तयार झाले. 'निर्बंध' घातले तर पहिला अर्धा भाग उलटा होतो. एकाच वाक्यात हा शब्द दोन अर्थांनी आला आहे का, आणि तसे असेल तर मराठीत काय लिहावे?

टाचण:
होय, दोन अर्थांनीच आला आहे, आणि आपल्या आजोबांनी तो जाणूनबुजून तसा वापरला असावा. या शब्दाचे मूळ लॅटिन क्रियापदात आहे. एखादी गोष्ट पवित्र, अभंग म्हणून ठरवून देणे हा त्याचा अर्थ. रोमन कायद्यात, नियम मोडणाऱ्याला काय भोगावे लागेल हे सांगणाऱ्या कलमाला याच कुळातले नाव होते. म्हणजे एखाद्या गोष्टीवर अधिकाराची मुद्रा उमटवणे आणि ती मुद्रा न जुमानणाऱ्याला शासन करणे, या दोन्ही अर्थांचा उगम एकच आहे. पुढे कायद्याच्या तत्त्वज्ञानात बेंथम आणि ऑस्टिन यांनी दुसऱ्या अर्थाला मोठे स्थान दिले: आज्ञेमागे शिक्षेचे भय असते, म्हणून ती कायदा ठरते, असे ऑस्टिनचे प्रतिपादन होते. बेंथमने तर केवळ राज्यसंस्थेचीच नव्हे, तर लोकमताची आणि धर्माचीही 'सँक्शन' असते असे मांडले. आपल्या वाक्यातील 'कास्ट' त्याच पंक्तीत बसते.

ओळखण्याची खूण व्याकरणात सापडते. एकवचन असेल आणि मागे 'ऑफ' किंवा 'विदाउट' असेल, तर बहुधा मान्यता. अनेकवचन असेल आणि ते कोणावर तरी लादले जात असेल, तर शिक्षा किंवा निर्बंध. 1998 मध्ये पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने भारतावर जे लादले, ते याच अनेकवचनातले. क्रियापद असेल तर त्याचे कर्म पाहावे: कर्ज, पद, खर्च असेल तर मंजूर करणे; व्यक्ती किंवा देश असेल तर दंडित करणे. मात्र व्यक्तीला 'सँक्शन' करणे हा क्रियापदाचा वापर बराच अलीकडचा आहे, त्यामुळे जुन्या मजकुरात तो सहसा गृहीत धरू नये.

जुना_कारकून:
माझी सगळी नोकरी बांधकाम खात्यात गेली, म्हणून 'मंजुरी'बद्दल एवढेच सांगतो. अंदाजपत्रकाला तांत्रिक मंजुरी, वीजबिलावरचा मंजूर भार, आस्थापनेवरील मंजूर पदे, लोकसेवकावर खटला चालवण्यास लागणारी मंजुरी, हे सर्व 'सँक्शन'च आहे. परंतु या प्रत्येक ठिकाणी कागद वर जातो आणि सही होऊन खाली येतो. वडील मुलाच्या लग्नाची नस्ती मंजूर करीत नाहीत. तेथे 'वडिलांच्या संमतीवाचून' असेच लिहावे. कायद्याच्या बाबतीतही 1856 च्या अधिनियमाने विधवाविवाह वैध ठरवला. कोणी अर्ज करावा आणि त्याला मंजुरी मिळावी, असा तो व्यवहार नव्हता. म्हणून 'कायद्याची मान्यता'.

पाणवठा:
वाक्याच्या उत्तरार्धासाठी मी 'बहिष्कार' सुचवतो. 1893 मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला, तेव्हा त्यांच्या मुरूड गावाने सभा भरवून त्यांच्यावर बहिष्कारच टाकला होता. त्या काळच्या वाचकाला हाच शब्द ओळखीचा होता. त्याहून जुना शब्द हवा असेल तर 'ग्रामण्य' आहे, पण आज त्याला तळटीप द्यावी लागेल.

टाचण:
'बहिष्कार' अर्थाच्या अगदी जवळ आहे, तरी माझी एक हरकत आहे. बहिष्कार ही त्या शिक्षांपैकी एक शिक्षा झाली, आणि मूळ शब्द अनेकवचनी आहे. आजोबांनी पुढे त्या शिक्षांचा तपशील दिला आहे का, हे मृद्गंध यांनी सांगितले तर निर्णय सोपा होईल.

शिवाय, 'शास्त्राधार' हा शब्दही हाताशी ठेवावा. 1870 मध्ये पुण्यात शंकराचार्यांसमोर विधवाविवाहाविषयी जो वाद झाला, तो शास्त्रांचे 'सँक्शन' आहे की नाही याच प्रश्नावर झाला होता, आणि तेथे 'मान्यता'पेक्षा 'शास्त्राधार' हाच नेमका शब्द आहे. आठवणींत पुढे तसा उल्लेख आला तर उपयोगी पडेल.

मृद्गंध:
तपशील आहे. पुढच्याच वाक्यात आजोबा लिहितात की, दहा वर्षे घरी कोणाचे आवतण आले नाही, श्राद्धाला भटजी मिळाला नाही, आणि धाकट्या आत्याची ठरलेली सोयरीक मोडली. विहिरीचा उल्लेख नाही, कारण घराची स्वतःची विहीर होती.

पाणवठा:
मग माझा आग्रह मी मागे घेतो. तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि सोयरीक मोडणे ही तर ज्या मुलीचा काही संबंधच नव्हता तिला दिलेली शिक्षा आहे. 'शिक्षा' हाच शब्द घ्यावा. याच गोष्टींसाठी महाराष्ट्राने 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला आणि तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. म्हणजे ज्या 'सँक्शन्स' जात देत असे, त्या देणाऱ्यालाच आता कायद्याचे 'सँक्शन' आहे.

टाचण:
एका गोष्टीची रुखरुख मात्र राहील. मूळ वाक्याचा जोर एकच शब्द दोनदा येण्यात आहे, आणि 'मान्यता' व 'शिक्षा' असे दोन शब्द घेतले की तो जोर जातो. मराठीत असा दुहेरी शब्द 'शासन' हा आहे: महाराष्ट्र शासन निर्णय काढते आणि गुन्हेगारालाही कडक शासन होते, आणि ऐकणाऱ्याचा कधी गोंधळ होत नाही. 'कायद्याचे शासन विधवाविवाहाच्या बाजूने होते, पण जातीचे शासन वेगळे होते' असे काही बसते का, ते पाहावे.

मृद्गंध:
ते मी मोठ्याने वाचून पाहिले. ऐकायला चांगले वाटते, परंतु 'जातीचे शासन' म्हटल्यावर माझ्या आईला प्रथम राज्यकारभारच आठवला आणि आत्याची मोडलेली सोयरीक मागे पडली. ती मागे पडायला नको आहे. म्हणून सध्या मी असे लिहिले आहे: 'विधवाविवाहाला 1856 पासून कायद्याची मान्यता होती, पण जातीपाशी तिच्या स्वतःच्या शिक्षा होत्या.' आणि वरच्या ओळीत 'वडिलांच्या संमतीवाचून'. आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे.