ब्रुसेलोसिस: गोळ्याच घ्याव्यात की सोबत सुई? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या भावाला ब्रुसेलोसिस (जनावरांकडून माणसाला लागणारा जंतूंचा आजार) निघाला आहे. तो गुरं सांभाळतो. गाभडलेल्या गाईची वार त्याने उघड्या हातांनीच काढली होती. पुढे ताप चढायचा, उतरायचा, रात्री घामाने अंथरूण भिजायचं, कंबर तर अजून धरलेली आहे.

डॉक्टरांनी दोन पर्याय दिलेत. पहिला, डॉक्सिसायक्लिन १०० मिग्रॅ दिवसातून दोनदा आणि सोबत रिफाम्पिसिन, दोन्ही ६ आठवडे. दुसऱ्यात डॉक्सिसायक्लिन तेवढंच, पण रिफाम्पिसिनऐवजी स्ट्रेप्टोमायसिनची रोज एक सुई, २ ते ३ आठवडे. भावाला सुया नकोत. ताप उतरला की एकाच गोळीवर भागणार नाही का, असंही तो विचारतो. मला धास्ती आहे ती आजार उलटण्याची. पुढच्या भेटीत डॉक्टरांना काय विचारू?

प्रतिसाद:
एकाच गोळीवर भागवू देऊ नका. जंतूंना गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या आतच हे जंतू दडून राहतात. ताप लवकर उतरतो, जंतू मात्र तिथेच असतात. म्हणून दोन औषधं आणि पूर्ण ६ आठवडे.

आजार उलटण्याचं प्रमाण सुईच्या पर्यायात कमी असतं. रिफाम्पिसिनमुळे यकृत डॉक्सिसायक्लिन लवकर निकामी करतं आणि रक्तातली त्याची पातळी घटते. पण स्ट्रेप्टोमायसिन मूत्रपिंडाला आणि कानाला बाधू शकतं. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी) आधी तपासलं का, हे विचारा. कानात आवाज येऊ लागला, तोल जाऊ लागला तर लगेच कळवा. सुई जमणारच नसेल तर गोळ्यांचा पर्यायही मान्यताप्राप्तच आहे.

माझ्या मते खरा प्रश्न कंबरेचा आहे. मणक्यात संसर्ग असेल तर ६ आठवडे पुरत नाहीत, ३ महिने किंवा जास्तही लागतात. एमआरआयबद्दल आवर्जून विचारा. क्षयाची शंका दूर केली आहे का, हेही विचारा. मणक्याचा क्षय असाच दिसतो आणि रिफाम्पिसिन व स्ट्रेप्टोमायसिन ही दोन्ही औषधं क्षयावरचीही आहेत. क्षय असताना ती अपुरी दिली गेली तर क्षयाचे जंतू त्यांना दाद देईनासे होतात.

डॉक्सिसायक्लिन पेलाभर पाण्यासोबत घ्यावं, लगेच आडवं होऊ नये. दूध, कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या त्याच वेळी नकोत. रिफाम्पिसिन घेतलं तर लघवी नारिंगी होते, घाबरू नका.

आणि घरात आणखी कोणी त्या गाईचं निरसं दूध प्यालं असेल तर डॉक्टरांना सांगा. कोणी गरोदर असेल तर आधी तिचं सांगा, तिच्यासाठी औषधं वेगळी निवडावी लागतात.