शब्दचर्चा: ‘अर्थपूर्ण निवड’ म्हणावं की आणखी काही?

सोंगटी

ट्वाइन हे संगणकावर फाटे फुटणाऱ्या गोष्टी लिहायचं साधन वापरून एक छोटा कथाखेळ बांधतेय. पावसाळ्यातली रात्र, साडेअकरा वाजलेत, घाटात एसटी बंद पडलीय. खेळणाऱ्याने ठरवायचं: गाडीतच बसून राहायचं की उतरून चालत पुढचा फाटा गाठायचा. सोबत मराठीत एक टिपणही लिहितेय, माझ्यासारख्या हौशी लोकांसाठी. त्यात पहिल्याच ओळीला अडकले. या धंद्यातले लोक उठताबसता ‘मीनिंगफुल चॉइस’ म्हणतात. त्याला आपण काय म्हणायचं?

‘अर्थपूर्ण निवड’ लिहिलं आणि स्वतःच हसले. ‘कंत्राटदार आणि अधिकाऱ्यांत अर्थपूर्ण चर्चा’ असं पेपरात वाचलं की आपण काय समजतो ते सांगायला नको. बरं, ‘चॉइस’ला तरी एक शब्द ठरलाय का? पर्याय, निवड, निर्णय, विकल्प हे सगळे मी आलटून पालटून वापरतेय आणि टिपण वाचताना माझाच गोंधळ उडतोय.

मीठभाकर

सोंगटीताई, आधी ‘विकल्प’ काढून टाका. तो हिंदीत त्या अर्थाने चालतो. मराठीत मनात विकल्प येतो म्हणजे शंका येते, किंतु येतो. तुमच्या खेळात ‘दोन विकल्प आहेत’ असं वाचलं तर मी त्या कंडक्टरवर संशय घ्यायला लागेन.

‘पर्याय’ म्हणजे समोर मांडून ठेवलेलं. प्रश्नपत्रिकेतले अ, ब, क, ड. कुणी बोट लावो न लावो, ते तिथे असतातच. पडद्यावरच्या बटणांना हा शब्द चपखल आहे.

‘निवड’ मात्र हाताने करायची गोष्ट आहे. आपण तांदूळ निवडतो, मेथी निवडतो. आमची आजी दुपारी ओसरीवर ताट घेऊन बसायची, खडे आणि गोंडर बोटाने कडेला सारायची. म्हणजे निवडलं की काहीतरी टाकलं जातं, हे मराठीत त्या क्रियापदातच आहे. खेळातही तेच हवं. टेलटेल कंपनीच्या ‘द वॉकिंग डेड’मध्ये (2012) पहिल्याच भागात औषधांच्या दुकानात डग आणि कार्ली दोघंही संकटात सापडतात. वेळेची पट्टी सरसर कमी होत असते, वाचवता येतं एकालाच. दुसरं माणूस गेलं ते गेलं. माझ्या मते ‘निवड’ एवढा एकच शब्द पुरे. काही टाकावं लागत नसेल तर ती निवडच नव्हे, मग ‘अर्थपूर्ण’चं शेपूट कशाला लावायचं?

उंबरठा

मीठभाकर, ओसरीचं चित्र सुरेख आहे, पण ते तुमच्याच विरुद्ध जातंय. तांदूळ निवडताना खडा कुठला आणि दाणा कुठला हे आजीला आधीच ठाऊक असतं. तिला काही ठरवायचं नसतं, फक्त शोधायचं असतं.

असे खेळ आहेत की. ‘बायोशॉक’मध्ये (2007) त्या छोट्या मुलींना वाचवायचं की त्यांच्यातलं अॅडम हे द्रव्य काढून घेऊन त्यांना मारायचं, हा प्रश्न मोठा नैतिक म्हणून गाजला. खेळताना कळतं की वाचवलं तर अॅडम थोडं कमी मिळतं खरं, पण काही मुली वाचवल्या की भेट येते आणि तूट बरीचशी भरून निघते. पुण्य करा आणि शिधाही घ्या. हे निव्वळ तांदूळ निवडणं झालं.

याउलट ‘द विचर 3’मधली (2015) टेकडीखाली, झाडाच्या मुळांत अडकलेल्या आत्म्याची गोष्ट घ्या. त्याला सोडलं तर दलदलीतली अनाथ पोरं वाचतात, पण एक गाव उद्ध्वस्त होतं, आणि ज्या सरदाराच्या बायकोला आपण शोधत असतो ती शापाने मरते. मग तो सरदार गळफास घेतो. आत्म्याला मारलं तर बाई जगते, मात्र तिचं भान हरपलेलं असतं, आणि पोरं जातात. यातलं काहीही निवडताना कळत नाही. खडा कुठला, सांगा बरं. इथे ‘निवड’ फार स्वच्छ शब्द वाटतो. याला आपल्याकडे ‘पेच’ म्हणतात. इकडे आड, तिकडे विहीर. आणि दोन वाइटांतलं त्यातल्या त्यात बरं घेणं म्हणजे दगडापेक्षा वीट मऊ.

नावाजलेले खेळकर्ते सिड मायर यांचं जे वाक्य सगळे सांगतात, खेळ म्हणजे रंजक निर्णयांची मालिका, त्यातही शब्द ‘डिसिजन’ आहे, ‘चॉइस’ नाही. 2012च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समधलं त्यांचं व्याख्यानही ‘इंटरेस्टिंग डिसिजन्स’ याच नावाचं होतं. तेव्हा माझं मत ‘निर्णय’ला. तुमच्या एसटीत मला उतरायचा निर्णय घ्यायचाय, उतरणं पसंत करायचं नाहीये.

केळीचं पान

गोव्याहून लिहितोय. आमच्याकडे अडलं-नडलं की देवाला प्रसाद लावतात, तळकोकणात कौल लावतात. गाऱ्हाणं घालायचं आणि पाकळी उजवीकडून पडते की डावीकडून ते बघायचं. ‘डिस्को एलिसियम’मध्ये (2019) दोन फासे टाकून यश-अपयश ठरतं, त्याला दुसरा शब्दच नको, तो ‘कौल’. त्यात पांढऱ्या आणि तांबड्या अशा दोन प्रकारच्या कसोट्या असतात. पांढऱ्या कसोटीचा कौल पुन्हा लावता येतो, तांबड्या कसोटीचा एकदाच. पण त्याला निवड म्हणू नका. विचारायचं की नाही एवढंच आपल्या हातात असतं.

सोंगटी

कौल घेतला! टिपणात वेगळी नोंद केली.

उंबरठा, पेच पटला, पण सगळ्याच जागा पेचाच्या नसतात. माझी खरी अडचण पुढची आहे. परवा मावसभावाला खेळायला बसवलं. पहिल्यांदा तो गाडीत बसून राहिला. थोड्या वेळाने एक चहावाला सायकलवरून येतो, त्याच्याकडून कळतं की खाली दरड कोसळलीय. मग त्याने पुन्हा सुरुवातीपासून खेळून पाहिलं आणि या वेळी उतरला. चालत फाट्यावर पोचला, तर तिथे तोच चहावाला, तीच दरड. म्हणाला, “ये रे माझ्या मागल्या! मग भिजवलंस कशाला?”

तसं लिहिण्यामागे कारण आहे. दर फाट्याला दोन वाटा आणि असे दहा फाटे धरले तर शेवट 1024 होतात. एकटीने कधी लिहायचे? बहुतेक जण वाटा पुन्हा एकत्र आणतात. कथाखेळांवर लिहिणारे सॅम काबो अॅशवेल यांनी 2015मध्ये अशा कथांचे साचे नावं देऊन मांडले. वाटा कधीच जुळत नाहीत तो ‘टाइम केव्ह’, हे नाव एडवर्ड पॅकार्ड यांच्या 1979च्या ‘द केव्ह ऑफ टाइम’ या पुस्तकावरून. आणि वाटा फुटून परत जुळतात तो ‘ब्रँच अँड बॉटलनेक’. बॉटलनेकला मी ‘खिंड’ म्हणतेय, त्यावर कुणाचा आक्षेप नसावा. ब्रँचला ‘फाटा’ म्हणायचं होतं, पण आपल्या भाषेत फाटे फोडणं म्हणजे विषय भरकटवणं, आणि ‘निवडीला फाटा दिला’ असं लिहिलं तर निवडच काढून टाकली असा अर्थ होतो! तरी एसटीच्या गोष्टीत फाटा नाही तर काय म्हणणार.

तर प्रश्न असा, की खिंडीतून सगळ्यांना जायचंच आहे. मग वरच्या वाटेला अर्थ कशाने येतो?

काना मात्रा

मीठभाकर यांचंच उदाहरण पुढे नेतो. डग वाचवा की कार्ली, तिसऱ्या भागात वाचलेलं माणूसही मरतं. म्हणजे कथेच्या हिशोबात खिंड एकच. तरी लोकांना ती जागा लक्षात राहते, कारण मधल्या काळात खेळ तुमची गोष्ट विसरत नाही. त्याच खेळात कोपऱ्यात ओळ उमटते, क्लेमेंटाइन (खेळातली लहान मुलगी) हे लक्षात ठेवेल, अशी. भागाच्या शेवटी किती टक्के लोकांनी काय केलं तेही दिसतं. नुसतं ‘लक्षात ठेवेल’ वाचलं तरी माणूस सावरून बसतो.

तेव्हा माझा शब्द: दखलपात्र निवड. खेळ जिची दखल घेतो ती. चहावाला दोन्हीकडे भेटू दे, पण भिजून आलेल्याला त्याने “या, आधी शेकोटीजवळ बसा” म्हणावं. काम झालं.

मीठभाकर

दखलपात्र म्हटलं की मला पंचनामा आठवतो. गुन्हा दाखल, दोन पंच, सही-अंगठा.

काना मात्रा

आठवू दे की! जोडीचा शब्दही आयता मिळतो. दखलपात्र गुन्ह्यात पोलीस स्वतःहून तपासाला लागतात. अदखलपात्राची ठाण्यात नोंद होते, हातात कागद मिळतो आणि न्यायालयाने सांगितल्याशिवाय तपास काही होत नाही. ज्याची एनसी लिहून घेतलीय त्याला विचारा. खेळातली खोटी निवड हुबेहूब तशीच असते. बटण दाबल्याची नोंद झाली, पुढे काही नाही.

जाता जाता, तुमच्या बटणांवर काय लिहिलंय तेही बघा, सोंगटीताई. ‘मी खाली उतरतो’ लिहिलंत तर खेळणारी बाई तिथेच बाहेर पडली. ‘उतरते’ लिहिलंत तर उलटं. इंग्रजीवाल्यांना ही डोकेदुखी नाही. ‘उतरेन’ चालतं, भविष्यकाळात लिंग दिसत नाही. ‘उतरायचं’ त्याहून मोकळं. बटणाखालच्या मजकुरात ‘तू उतरलास’ की ‘उतरलीस’ हा प्रश्न पुन्हा येतो. ‘तुम्ही उतरलात’ने तो सुटतो, पण जवळीक जाते. सकर्मक क्रियापद असेल तर मात्र मजा आहे: ‘तू दार उघडलंस’ म्हटलं की क्रियापद दाराशी जुळतं, उघडणारा बाप्या की बाई याची त्याला फिकीर नाही. जमेल तिथे खेळणाऱ्याच्या हातात कर्म द्या.

उंबरठा

दखलपात्र मला आवडला, निर्णयाचा हट्ट सोडतो. पण अदखलपात्र म्हणजे टाकाऊ, हे नाही पटत. पुढे काही होत नसलं तरी मी कसा बोललो याने मी कोण ते मला कळतं. आणि मराठीत तर नुसत्या हाकेत सगळं येतं. त्याच कंडक्टरला एक जण ‘ओ कंडक्टर’ म्हणेल, एक ‘अहो दादा’, एक ‘मास्तर’. गाडी कुठल्याच हाकेने चालू होणार नाही. तरी ही तीन वेगळी माणसं आहेत, आणि ‘यू’वर भागवणाऱ्यांना हे बटण बनवताच येणार नाही.

सोंगटी

तीन दिवसांनी लिहितेय, क्षमस्व, दरम्यान तिन्ही पानं पुन्हा लिहिली.

टिपणात आता असं आहे: बटणावर असतात ते पर्याय, आपण करतो ती निवड, दोन्हीकडे नुकसान असेल तर पेच, फासे टाकले तर कौल. आणि ‘मीनिंगफुल’ला दखलपात्र. मीठभाकर, पंचनाम्याचा विनोद तळटीप म्हणून तुमच्या परवानगीने घेतेय.

खेळात पहिलं बटण आता उतरायचं की बसायचं हे नाहीच. पहिल्या पानावर फक्त कंडक्टरला हाक मारायची आहे, उंबरठा यांच्या त्याच तीन हाका. मग बसा नाहीतर उतरा. जो ‘मास्तर’ म्हणाला आणि पुढे उतरला, त्याला दारात कंडक्टर स्वतःची बॅटरी देतो. बाकीचे अंधारात चालतात. का, ते खेळात कुठेही लिहिलेलं नाही. मावसभाऊ काल चौथ्यांदा ‘ओ कंडक्टर’ म्हणून उतरला आणि विचारत होता, वाटेत बॅटरी कुठे सापडते?