गाडीत काय ऐकता? गोव्यातला रेडिओ आणि आपापले तोडगे

पणजी ते मडगाव रोज गाडी हाकणाऱ्यांपैकी मी एक. रेडिओवर मी वाढले, म्हणून हल्ली तो लावला की जीव हळहळतो. या महिन्यातली हिंदी गाणी, मग आवाज चढवून जाहिराती, फ्लॅट, हॉटेल, सोन्याची पेढी, आणि परत तीच गाणी. निवेदक बोलतात ते किनाऱ्यावरच्या पार्ट्यांबद्दल, विकएंडबद्दल, म्हणजे चार दिवसांसाठी आलेल्या पाहुण्यांशी. पर्वरीला उड्डाणपुलाच्या कामात गाडी अडकून पडलेली असताना त्याचा मला काय उपयोग? पाऊस किती पडणार, कुठे झाड पडलंय, कुठला रस्ता बंद आहे, याबद्दल चकार शब्द नाही. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या मातीतल्या, दीनानाथ मंगेशकर आणि जितेंद्र अभिषेकी मंगेशीचे, आणि त्याच मंगेशीवरून गाडी जाताना एखादं नाट्यपद ऐकायचं तर मोबाईल जोडावा लागतो. याचं मला फार वाईट वाटतं.

तुमचा अनुभव लिहा. वैताग तर लिहाच, पण त्यावर काय केलंत तेही लिहा. गाडी कशी आहे आणि रस्ता कुठला, हे सांगितलंत तर दुसऱ्याच्या उपयोगी पडेल.

म्हापसा, टॅक्सीचालक

मोपा विमानतळ सुरू झाल्यापासून माझी बहुतेक भाडी तिथली. पुण्या-नाशकाकडची मंडळी गाडीत बसली की हमखास विचारतात, दादा, इथे मराठी गाणी लागत नाहीत का हो? पूर्वी मी स्टेशन बदलून बदलून दाखवायचो. आता पेन ड्राइव्ह लावतो. एकात भावगीतं, नाट्यगीतं आणि अभंग, दुसऱ्यात कोकणी कांतारां, म्हणजे गाणी, आणि मांडो हा आमचा गीतप्रकार. कोकणी ऐकून लोक खूश होतात, हे काय, कुणाचं, असं विचारतात. हे ऐकायलाच तर ते आलेत, मग रेडिओवाल्यांना ते का कळत नाही?

ब्लूटूथ मी पाहुण्यांना जोडू देत नाही. प्रत्येकाचा फोन जोडला की गाडीची यादी भरते आणि एक दिवस माझाच फोन बाहेर फेकला जातो. शिवाय मागे बसलेल्याचा फोन वाजला की घरचं सगळं बोलणं स्पीकरवर.

वाळपई, विज्ञान शिक्षक

बऱ्याच जणांना वाटतं की घाटात रेडिओ जातो म्हणजे गाडीचा सेट बिघडला. सेट ठीक असतो. एफएमचा पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा. आकाशवाणीच्या १०५.४ ची तरंगलांबी धरली तर ती तीन मीटरहून थोडी कमी. इतक्या आखूड लहरी साधारण सरळ रेषेत जातात, आणि मध्ये डोंगर आला की मागे सावली पडते. आमच्या सत्तरी तालुक्यात डोंगर आहेतच, त्यामुळे केरी सोडून चोर्ला घाट चढायला लागलं की आवाज जातो, वळणावर येतो, परत जातो. मधल्या भागात जी फडफड ऐकू येते, तिचं कारण वेगळं. एक लहर थेट येते आणि दुसरी डोंगरावर आपटून थोडी उशिरा येते. दोन्ही एकमेकींत मिसळतात, आणि गाडी हलत असल्यामुळे ते मिसळणं क्षणाक्षणाला बदलतं. सिग्नलला उभे असताना फडफड आली तर गाडी हातभर पुढे घ्या, बऱ्याचदा आवाज साफ होतो. पोरांना मी हे शाळेच्या मैदानात ट्रान्झिस्टर घेऊन दाखवतो.

मीडियम वेव्हचं गणित निराळं. पणजी केंद्र १२८७ किलोहर्ट्झवर लागायचं, म्हणजे लहर सुमारे २३३ मीटर लांब. अशी लहर जमिनीच्या अंगाने वळत जाते, डोंगराला तितकीशी दबत नाही. विजेच्या तारांखाली खरखर करायची, पण माझ्या वडिलांना आमच्या गावात सगळी बातमीपत्रं मिळायची. हल्ली टचस्क्रीनवाल्या अनेक सेटमध्ये मीडियम वेव्ह देतच नाहीत. सत्तरीसारख्या भागाचं हे मोठं नुकसान आहे, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून इतकं लिहिलं.

डिचोली

माझ्या जुन्या गाडीच्या सेटला ना यूएसबी, ना ब्लूटूथ. सिगारेट लायटरच्या भोकात बसणारा छोटा एफएम ट्रान्समीटर घेतला. मोबाईलवरचं गाणं तो एफएमवर सोडतो आणि गाडीचा रेडिओ ते पकडतो. रिकामी जागा मात्र शोधून ठेवावी लागते. शेजारी जोरदार स्टेशन असेल तर तेच वर चढतं. डिचोलीत जी जागा रिकामी ती पणजीत असेलच असं नाही, म्हणून दोन जागा बटणांवर साठवून ठेवल्या आहेत. स्वस्त आणि मस्त.

काणकोण, टेम्पोचालक

पहाटे मडगावच्या घाऊक मासळी बाजारातून माल भरतो आणि करमल घाटातून घरी. घाटात रेडिओ नाही आणि नेटही धड नाही, त्यामुळे मोबाईलवरची गाणी पण अडकत अडकत येतात. माझा सगळा भरवसा पेन ड्राइव्हवर.

त्यात कुणी सांगत नाही अशी एक गोष्ट लिहितो. गाडीतला सेट पुष्कळदा गाणी नावाप्रमाणे लावत नाही, ज्या क्रमाने कॉपी झाली त्या क्रमाने लावतो. पेन ड्राइव्ह संगणकावर फॅट३२ या प्रकारात फॉरमॅट करायचा, फाइलच्या नावाआधी ०१, ०२ असे आकडे घालायचे आणि एकेक फोल्डर ओळीने कॉपी करायचा. मग भजन सुरू होतं ते रूपाच्या अभंगापासून आणि गौळण तिच्या जागी येते. नाहीतर शेवटी म्हणायची भैरवी पहिली वाजते, आणि भजनी माणसाला ते कानाला टोचतं.

मी ऐकतो ते आमच्याच वाड्यावरचं भजन. मागे कला अकादमीच्या भजन स्पर्धेसाठी पथकाची तालीम चालायची, तेव्हा मी मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवली. पखवाज जवळ होता म्हणून तो मोठा आलाय, गाणारे मागे राहिले. भाच्याने संगणकावर आवाज समान करून दिला. आता बुवाचा आवाज इंजिनाच्या वर ऐकू येतो. त्यातले झांजवाले दोघे आता हयात नाहीत. कुठल्याच स्टेशनवर मला हे मिळालं नसतं.

फोंडा, परिचारिका

गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, ड्युटी. रात्रपाळी संपवून बांबोळीहून जुने गोवे, बाणस्तारी करत घरी यायचं. त्या वेळी गाणी नकोच वाटतात. डोकं शिणलेलं असतं, आणि ओळखीच्या चालीवर डोळे मिटायला लागतात. मी पुस्तकं ऐकते. स्टोरीटेलवर मराठी भरपूर आहे. घरी वायफायवर उतरवून ठेवते म्हणजे वाटेत नेटची गरज नाही. गोष्टीत पुढे काय होणार ही उत्सुकता मला जागं ठेवते. तरी पापणी जड झाली तर गोष्टीच्या भरवशावर राहू नका. फर्मागुडीला गाडी बाजूला लावून मी तोंडावर पाणी मारते आणि थोडा वेळ थांबते.

पावसाळ्यात एक अडचण येते. टपावर सर कोसळते तेव्हा वाचणाऱ्याची शब्दांची टोकं ऐकू येत नाहीत, स आणि श तर धुऊनच जातात. आवाज वाढवला की नुसता घुमतो. सेटिंगमध्ये बास खाली आणि ट्रेबल थोडी वर केली की शब्द सुटे होतात. करून बघा.

आणि एक कळकळीचं. जे काय लावायचं ते चावी फिरवण्याआधी लावा. अपघात विभागात मी जे बघते ते इथे लिहिवत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली चालवताना हातात फोन धरला तर पहिल्या खेपेस हजार ते पाच हजार रुपये दंड आहे, तुरुंगवासही होऊ शकतो. पण दंडासाठी नव्हे, घरी वाट बघणाऱ्यांसाठी थांबा.

पणजी, निवृत्त

सगळे रेडिओवर रागावलेत, म्हणून आकाशवाणी पणजीच्या बाजूने लिहितो. हे केंद्र पोर्तुगीज काळात १९४६ मध्ये एमिसोरा द गोवा म्हणून सुरू झालं, मुक्तीनंतर आकाशवाणी झालं. कोकणी बातम्या, मराठी कार्यक्रम, शास्त्रीय संगीत, आपल्या लोकांच्या मुलाखती, हे अजून तिथेच ऐकायला मिळतं. तरुणांना ते संथ वाटतं. मला त्या संथपणात माणूस बोलतोय असं वाटतं. पेन ड्राइव्हमध्ये आपल्याला आधीच ठाऊक असलेलं तेवढंच असतं, रेडिओवर न मागितलेलं काहीतरी अचानक कानावर पडतं. त्यासाठी मी रेडिओ सोडत नाही.

आकाशवाणीचं ॲप मोबाईलवर घ्या. देशभरातली केंद्रं त्यात आहेत. आवाज प्रत्यक्ष प्रक्षेपणापेक्षा थोडा मागे असतो आणि डेटा लागतो, पण परगावच्या मुलांनाही घरचं केंद्र ऐकता येतं.

मडगाव, माहेर बेळगाव

आमची वाट अनमोडची. पावसाळ्यात दरड कोसळली की घाट बंद, आणि ते कळतं मोल्याला पोलीस गाडी अडवतात तेव्हा. लहान मुलं मागे बसलेली असताना तिथून परत फिरून चोर्ला गाठायचा म्हणजे अर्धा दिवस गेला. रेडिओ गाडीत असून तो आधी सांगू शकत नाही, हा माझा खरा राग आहे.

चौकशी केली तेव्हा कारण कळलं. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही. २०११ च्या धोरणापासून आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं, इतकंच. पण त्याच धोरणात वाहतूक, हवामान, वीज-पाण्याच्या सूचना हा भाग बातम्यांतून वगळलेला आहे, म्हणजे तो द्यायला त्यांना मोकळीक आहे. घाट बंद आहे हे सांगायला कायदा आडवा येत नाही.

आणि ही वाट कुठली बघा. मुक्तिलढ्यात वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी १९५५ पासून १९६१ पर्यंत गुप्त रेडिओ चालवला तो याच सीमेवरच्या रानांतून, कॅसलरॉकच्या जंगलातूनसुद्धा. पोर्तुगीजमधून आणि कोकणीतून गोव्याला खरी बातमी पोचवायची म्हणून ते दोघं रानात राहिले. लिबियाताईंना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. त्या रानाजवळून जाताना माझ्या गाडीत नुसती खरखर असते, आणि मला ते सहन होत नाही.

पेडणे

आमच्याकडे पत्रादेवी ते बांद्यापर्यंतच्या चालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. कुठे कोंडी, कुठे ट्रक उलटला, कुठे पाणी भरलं, हे कोणीतरी थांबून आवाजात सांगतो. लिहायचं नाही, फक्त बोलायचं, असा नियम केलाय. गाडी चालवणाऱ्याने उघडायचं नाही, शेजारी बसलेल्याने लावायचं किंवा थांबून ऐकायचं. त्यात जत्रेचा दशावतार कुठे, कुणाचं नाटक, हेही येतं. खरं तर हे काम रेडिओचं आहे.

पुन्हा पणजी–मडगाव

सगळं वाचलं. गाण्यांची सोय प्रत्येकाने आपापली लावलेली दिसते. राहिली ती रस्त्याची खबर. म्हणून आकाशवाणी केंद्राला आणि खासगी स्टेशनांनाही पत्र लिहिते आहे. मागणी एवढीच: जून ते सप्टेंबर रोज सकाळी कामावर जायच्या वेळी आणि संध्याकाळी सुटायच्या वेळी चोर्ला, अनमोड आणि करमल घाटांची आणि पर्वरीची स्थिती कोकणी आणि मराठीतून सांगावी. वाळपईच्या सरांनी लिहिलेला सावलीचा मुद्दाही पत्रात घालते, कारण सूचना दिली तरी सत्तरीत ती ऐकू आली पाहिजे. सांगे आणि केप्याहून अजून कुणी लिहिलेलं नाही. तुमच्याकडे नेमक्या कुठल्या वळणावर आवाज जातो तेवढं कळवा, त्या जागांची नावं पत्राला जोडते.