७ महिन्यांच्या बाळाचं वरचं खाणं: भाज्या शिजवून गोठवल्या तर चालतील का? मदत हवी आहे

नमस्कार. लेक परवा ७ महिन्यांची झाली. सहा महिने फक्त अंगावरचं दूध, नंतर वरचं खाणं सुरू केलं. डब्यातलं तयार काही द्यायचं नाही असं ठरवलंय. कोपऱ्यावरच्या मावशींकडून लाल भोपळा, दुधी, रताळी, पालक आणते. नाचणी आणि मूगडाळ वाण्याकडून. पहिल्यांदा भोपळ्याची आधीच चिरून ठेवलेली फोड आणली होती, ती बियांपाशी बुळबुळीत लागली म्हणून टाकली. मावशींना सांगितल्यापासून त्या माझ्यासमोर नवा भोपळा फोडतात. वाफवलेलं रताळं मी पुरणयंत्रातून काढते, कारण मिक्सरमध्ये ते चिकट होतं आणि तिच्या टाळूला बसतं.

माझी २६ आठवड्यांची रजा आणि तिला जोडलेली सुट्टी संपली. सोमवारपासून साडेआठला निघायचं, परतायला सात. सासूबाई बाळाला सांभाळतील, पण गुडघ्यांमुळे त्यांना ओट्याशी फार वेळ उभं राहवत नाही. म्हणून रविवारी भाज्या वाफवून, गाळून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवायचा विचार आहे. इथे साताऱ्यात पावसात वीज जाते. मागच्या आठवड्यात पाच तास नव्हती. अशा वेळी ते खाणं ठेवायचं की टाकायचं?

दुसरं म्हणजे चार दिवस तिची शी कडक होतेय. कुंथताना लाललाल होते आणि रडते, बघवत नाही. नाचणीसत्त्व आणि केळं एकाच आठवड्यात सुरू केलं, त्यामुळे कशाने झालं ते कळत नाही.

आणखी एक. सासूबाईंना वाटतं चिमूटभर मीठ आणि बोटभर मध द्यावा. डॉक्टरांनी वर्षाच्या आत दोन्ही नको सांगितलंय. सासूबाईंनी चार मुलं वाढवलीत, त्यांना न दुखावता कसं सांगू?

प्रतिसाद १
ताई, आधी शीचं बघा. केळं जरा कच्चं होतं का? त्याने शी धरते. केळं आणि नाचणी दोन्ही थांबवा, पिकलेली पपई कुस्करून द्या, खाण्याबरोबर दोन-चार चमचे उकळून गार केलेलं पाणी. शी मोकळी झाली की एकेक पदार्थ परत सुरू करा, मध्ये तीन दिवस जाऊ द्या. शीत रक्त दिसलं, पोट फुगलं किंवा उलट्या झाल्या तर घरचे उपाय करत बसू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या.

प्रतिसाद २
भोपळा, दुधी, रताळं खुशाल गोठवा. पालक, बीट, गाजर मात्र त्या-त्या वेळी ताजं करा. त्यांत नायट्रेट जास्त असतं आणि शिजवून ठेवल्यावर त्याचं नायट्राइट होऊ शकतं, ते बाळांना बाधतं. वीज गेली की फ्रीजर उघडूच नका. वाटीभर पाणी गोठवून त्यावर एक नाणं ठेवा. तुम्ही घरी आल्यावर नाणं बर्फात खाली गेलेलं दिसलं तर आतलं सगळं वितळून पुन्हा गोठलंय, ते टाका. गोठवलेलं खाणं वाफ येईपर्यंत गरम करून मग कोमट होऊ द्या, आणि वाटीत उरलेलं परत ठेवू नका.
मधाचं मात्र स्पष्ट सांगा. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. बाकी सासूबाईंकडे खिमट सोपवा. दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मूगडाळ धुऊन, वाळवून, भाजून भरड काढायची. खाली बसूनही भाजता येतं. रोज दोन चमचे पाण्यात नीट शिजवून वर तुपाचा थेंब. मीठ नको, चवीला जिरेपूड.

धागाकर्ती
दोघींचे मनापासून आभार. वाटीवर नाणं ठेवलंय. काल सासूबाईंनी शेगडी खाली घेऊन खिमट भाजलं. घरभर वास सुटला, "तुझ्या नवऱ्याला हेच भरवलंय" म्हणाल्या. मीठ मागितलंच नाही. मधाचं ऐकून घाबरल्या आणि बाटली स्वतःच वरच्या फळीवर ठेवली. पपईने आज सकाळी शी मऊ झाली.
एक राहिलंच: फवारणीचं औषध निघावं म्हणून भाज्या मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायच्या, की वाहत्या पाण्याखाली चोळून धुतल्या आणि साल काढली तर पुरे?