ओआरएम की नुसता क्वेरी बिल्डर? दोन्हीतून एसक्यूएलच जातं ना?

नवखा_पायथनी: मंडळी, फ्लास्क (पायथनचं वेब फ्रेमवर्क), पोस्टग्रेस (डेटाबेस) आणि एसक्यूएलअल्केमी (पायथनमधून डेटाबेसशी बोलायची लायब्ररी) वापरतोय. एक सिनियर म्हणतात सगळं तिच्या ओआरएमने (टेबलातल्या रो पायथनचे ऑब्जेक्ट म्हणून वापरू देणारा भाग) कर, दुसरे म्हणतात नुसतं कोअर (तिचाच क्वेरी बिल्डर) वापर, आणि मी मधल्यामधे. शेवटी डेटाबेसला एसक्यूएलच जातं मग फरक कशात पडतो? ऑर्डरच्या यादीचं पान स्लो आहे, महिन्याचा सेल्स रिपोर्ट तर उघडतच नाही.

आळशी_उंट: फरक आहे तो ऑब्जेक्ट कोण सांभाळतं यात. कोअरमध्ये सिलेक्ट, जॉइन पायथनमधून लिहायचं, रो परत येतात, विषय संपला. ओआरएममध्ये सेशन (लोड केलेल्या ऑब्जेक्टांचा हिशेब ठेवणारं) मधे बसतं, म्हणजे 5 नंबरचा ग्राहक दोनदा मागितलास तरी तोच ऑब्जेक्ट मिळतो, स्टेटस बदललास की कमिटला (बदल पक्के करताना) अपडेट आपोआप जातं, पॅरेंट आधी चाइल्ड नंतर हा इन्सर्टचा क्रमही तेच लावतं. फॉर्म भरा-सेव्ह करा टाइप कामाला हे सोन्यासारखं.

यादीचं पान बहुतेक एन प्लस वन (यादीला एक क्वेरी, वर प्रत्येक ओळीला एकेक) असणार. 100 ऑर्डरी आणल्या, टेम्प्लेटमध्ये प्रत्येकीच्या ग्राहकाचं नाव छापलं, ग्राहक वेगवेगळे असतील तर 101 क्वेऱ्या. इंजिनला एको (जाणारं एसक्यूएल छापणारी सेटिंग) चालू कर, लॉगमध्ये दिसेलच. जॉइन्डलोड (ग्राहकही जॉइन करून सोबतच आणायचा पर्याय) लाव, एका क्वेरीत काम होतं.

जावावाले_काका: आमच्याकडेही हेच, वर जेपीएमध्ये (जावाचं ओआरएम स्टँडर्ड) मेनी-टू-वन (जसं अनेक ऑर्डरी, एक ग्राहक) मुळातच ईगर (लगेच लोड होणारं), न मागता क्वेऱ्या सुटतात. रिपोर्टांसाठी जूक (जावाचा क्वेरी बिल्डर) बघा, स्कीमावरून (टेबलांच्या रचनेवरून) क्लास बनवतं, कॉलमचं नाव चुकलं तर कंपाइललाच अडतं.

कच्चा_मसाला: एवढं कशाला राव, सरळ एसक्यूएल लिहा की

आळशी_उंट: @कच्चा_मसाला लिही ना, पण सर्चच्या पानावर सात फिल्टर आणि सातही ऐच्छिक असले की स्ट्रिंगला स्ट्रिंग जोडत बसायचं आणि कुणीतरी एफ-स्ट्रिंगने युजरचं इनपुट थेट घुसवून इंजेक्शनला (इनपुटमधून घातक एसक्यूएल चालवण्याला) दार उघडून देतो. तिथे क्वेरी बिल्डर खरा कामाला येतो, व्हेअर जोडत जायचं बस.

@नवखा रिपोर्टला ऑब्जेक्ट नकोतच, ग्रुप बाय आणि सम डेटाबेसलाच करू दे. एसक्यूएलअल्केमीच्या 2023 च्या 2.0 मध्ये ओआरएम आणि कोअर दोन्हीकडे तोच सिलेक्ट आहे त्यामुळे बाजू घ्यायची गरज नाही, तेच सेशन चालतं. फक्त कोअरच्या टेबलवर थेट अपडेट मारलास तर सेशनमधे आधीच लोड झालेले ऑब्जेक्ट कमिटपर्यंत जुनीच व्हॅल्यू दाखवतात, ते एक्स्पायर करायला (म्हणजे पुन्हा डेटाबेसमधून वाचायला लावायला) विसरू नको.

नवखा_पायथनी: एको लावला दादा, लॉग थांबेचना 😅 जॉइन्डलोड टाकतो. रिपोर्टच्या कोडमध्ये सगळ्या ऑर्डरी आणून पायथनच्या लूपमध्ये बेरीज चाललीय, तो आज काढतोच.